८००० ची रॅम घ्यावी की ६००० ची? खोक्यावरच्या आकड्यापलीकडचा हिशोब

प्रश्न: "रायझन ७ ७७०० आणि बी६५० चिपसेटचा चार स्लॉटवाला मदरबोर्ड घेऊन ठेवला आहे. मॉनिटर १४४०पी. रोजचा खेळ काउंटर-स्ट्राइक २ आणि व्हॅलोरंट, सुट्टीत एखादा मोठा सिंगल प्लेअर गेम. दुकानदार म्हणतो ८००० चा किट न्या. मित्र म्हणतो ६००० चाच घे, पण १६ जीबीच्या चार स्टिक लाव. ओव्हरक्लॉकिंग शिकायची हौस आहे. राहायला नागपुरात, खोलीत एसी नाही. कोणती रॅम घेऊ?"

उत्तर: १६ जीबीच्या दोन स्टिकचा, ६००० सीएल३० असा, एसके हायनिक्सच्या चिप असलेला किट घ्या. ८००० नको आणि चार स्टिकही नकोत. एवढ्यावर खरेदी उरकता येईल. पण ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने भाग चालवण्याची, हौस आहे म्हणता, तेव्हा पुढचंही वाचा. रॅमच्या बाबतीत बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगच्या पडद्यावर, बसून काय काय करता येईल, हे बरंचसं खरेदीच्या दिवशीच ठरलेलं असतं.

आधी खोक्यावरचा आकडा. ६००० म्हणजे सेकंदाला ६००० मेगाट्रान्सफर. दुकानात सर्रास 'सहा हजार मेगाहर्ट्‌झ' म्हणतात, पण डीडीआर रॅम घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवते, त्यामुळे खरं क्लॉक निम्मं, म्हणजे ३००० मेगाहर्ट्‌झ असतं. सीपीयू-झेड हे पीसीची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडल्यावर ३००० दिसलं तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, तो आकडा बरोबर आहे. ३००० च्या ऐवजी २४०० दिसलं तर मात्र दोष आपला: एक्स्पो (किटचा जाहीर स्पीड लावणारी बायोसमधली सेटिंग) चालू करायचं राहिलं आहे आणि महागाचा किट ४८०० वर चालला आहे. असे पीसी मी दुरुस्तीला आलेले इतके पाहिले आहेत की मशीन हातात आलं की सगळ्यात आधी हेच बघतो.

दुसरा आकडा सीएलचा. मागणी केल्यापासून किती ठोक्यांनी माहिती यायला सुरुवात होते ते हा आकडा सांगतो. ठोका किती लांबीचा हे स्पीडवर अवलंबून असल्यामुळे नुसता सीएल पाहून काही कळत नाही. सीएलला २००० ने गुणा आणि स्पीडने भागा, उत्तर नॅनोसेकंदात येईल. ६००० सीएल३० चं उत्तर १०. ६००० सीएल४० चं १३.३. एक्स्पो न लावता चालणाऱ्या ४८०० सीएल४० चं १६.७. आणि दुकानदार सांगतो त्या ८००० सीएल३८ चं ९.५. गंमत म्हणजे जुन्या डीडीआर४ मधल्या ३२०० सीएल१६ चंही उत्तर १०च येतं. पिढी बदलली तेव्हा वाढली ती बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला किती माहिती वाहते ते माप. पहिला तुकडा हाती पडायला लागणारा वेळ जवळपास होता तिथेच आहे. गेमला बहुतांशी याच वेळाशी देणंघेणं असतं. गेमचं इंजिन मेमरीत इकडेतिकडे विखुरलेल्या छोट्या छोट्या गोष्टी मागत राहतं, मोठमोठे सलग गठ्ठे क्वचितच.

तर ८००० आणि ६००० मधला फरक कागदावर अर्धा नॅनोसेकंद. त्यासाठी जादा पैसे मोजायचे की नाही हा प्रश्न नंतरचा, कारण तुमच्या प्रोसेसरवर तोही फरक हाती लागत नाही. रायझन ७००० मालिकेत तीन घड्याळं एकत्र चालतात: रॅमचं, प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरचं आणि प्रोसेसरचे भाग जोडणाऱ्या इन्फिनिटी फॅब्रिकचं. ६००० वर रॅमचं घड्याळ ३००० असतं आणि कंट्रोलरही ३००० वर, म्हणजे एकास एक चालतो. ६२००, ६४०० पर्यंत काही प्रोसेसर ही जोडी टिकवतात, ते नशिबावर. त्यापुढे कंट्रोलरला झेपत नाही आणि त्याला निम्म्या वेगावर टाकावं लागतं. ८००० च्या किटमध्ये रॅम ४०००, कंट्रोलर फक्त २०००. रॅमच्या बाजूला कमावलेला अर्धा नॅनोसेकंद कंट्रोलरच्या दारात उभं राहण्यात जातो आणि वर आणखी थोडा तोटाही होऊ शकतो.

बँडविड्थ तरी वाढेल ना, असं वाटेल. इथेच तुमच्या ७७०० ची खरी अडचण आहे. या प्रोसेसरमध्ये आठही कोअर एकाच चिपलेटवर, म्हणजे सिलिकॉनच्या एका तुकड्यावर, आहेत, आणि त्या चिपलेटला फॅब्रिकमधून एका ठोक्यात ३२ बाइट वाचता येतात. फॅब्रिक साधारण २००० मेगाहर्ट्‌झवर चालतं. ३२ गुणिले २००० म्हणजे सेकंदाला ६४ जीबी. दोन चॅनेलवरची ६००० ची रॅम कागदोपत्री ९६ जीबी देते, ८००० ची १२८. वाचताना चिपलेटच्या दारातून ६४ च्या वर काही आत येत नाही, मग बाहेर ९६ थांबलेत की १२८, त्यानं काय फरक पडतो? एएमडीने स्वतः ६००० हा या प्रोसेसरांसाठीचा सुवर्णमध्य म्हणून सांगितला तो उगाच नाही. ८००० चे किट या प्लॅटफॉर्मवर चालवणारे लोक आहेत. ते बहुधा दोनच स्लॉटवाले महागडे बोर्ड वापरतात आणि त्यांचा आनंद आकडा गाठण्यात असतो. तो छंद म्हणून उत्तमच. चार स्लॉटच्या बी६५० वर तो छंद महागात पडेल.

आता मित्राच्या चार स्टिक. तुमच्यासारख्या बहुतेक बोर्डांवर प्रत्येक चॅनेलचे दोन स्लॉट एकापाठोपाठ एक एकाच तारेवर टांगलेले असतात. दोन्ही भरले की सिग्नल बिघडतो, कंट्रोलरवरचा भार वाढतो, आणि स्पीड उतरवावा लागतो. किती, हे एएमडीच्याच तक्त्यात आहे: रायझन ७००० साठी दोन स्टिकना अधिकृत स्पीड ५२००, चार स्टिकना ३६००. हे अधिकृत आकडे सावध असतात हे खरं, चार स्टिकवर ५२०० किंवा कधी ६०००ही चालवलेले लोक भेटतील. पण पाच हजारांच्या आसपास धडपडत बसायचं आणि रोज सकाळी पीसी चालू होईल की नाही याची धाकधूक बाळगायची, यात गेमरचा काही फायदा नाही. ३२ जीबी आजच्या गेमना पुरते. व्हिडिओ एडिटिंग किंवा व्हर्च्युअल मशीनसाठी जास्त हवी असेल तर २४ जीबीच्या दोन किंवा ३२ जीबीच्या दोन स्टिकचा किट घ्या. स्टिकची संख्या मात्र दोनच ठेवा. आणि 'आत्ता १६ च्या दोन घेतो, पुढच्या वर्षी आणखी दोन टाकतो' हा बेत मनातून काढून टाका. वर्षभराने त्याच नावाचा, त्याच मॉडेल नंबरचा किट घेतलात तरी आत वेगळ्या कारखान्याची चिप निघू शकते. एकत्र विकलेल्या स्टिक एकत्र तपासलेल्या असतात. दोन किटना जोडीने चालवून पाहिलेलं नसतं.

दुसऱ्या टोकाचीही एक चूक दिसते, ८ जीबीच्या दोन स्टिक घेण्याची. डीडीआर५ मध्ये ८ जीबीची स्टिक साधारणपणे चारच रुंद चिप लावून बनवलेली असते. त्या चिपमध्ये बँक गटांची (आलटून पालटून काम करणाऱ्या कप्प्यांची) संख्या निम्मी असते, त्यामुळे तोच स्पीड आणि तोच सीएल असूनही ती १६ जीबीच्या स्टिकपेक्षा हळू पडते. बजेट फारच आवळलं असेल तेव्हाचा तो पर्याय.

चिपकडे वळतो, कारण ओव्हरक्लॉकिंगची सगळी मजा तिथे आहे. जी.स्किल, कॉर्सेअर, किंग्स्टन, एडेटा, टीमग्रुप ही नावं हीटसिंकवर असतात. आतली डीरॅम चिप मात्र जवळपास नेहमी तिघांपैकी एकाची: सॅमसंग, एसके हायनिक्स किंवा मायक्रॉन. हीटसिंकचा रंग, त्यावरची चमक, आरजीबीचे दिवे यांतलं काहीही टायमिंग (सीएलसारखे ठोक्यांतले आकडे) एका ठोक्यानेही कमी करत नाही. डीडीआर४ च्या जमान्यात सॅमसंगची ८ गिगाबिटची बी-डाय (डाय म्हणजे चिपचा नमुना) ही ओव्हरक्लॉकरांची लाडकी होती. व्होल्टेज वाढवलं की टायमिंग खाली येत जायची. डीडीआर५ मध्ये ती गादी हायनिक्सकडे गेली. त्यांची १६ गिगाबिटची एम-डाय आधी आली, मग ए-डाय. ए-डाय वरच्या स्पीडना जास्त जाते, पण ६००० वर दोघींत फारसं डावंउजवं नाही. २४ आणि ४८ जीबीच्या स्टिकमध्ये येणारी हायनिक्सची २४ गिगाबिटची एम-डायही चांगली. सॅमसंग आणि मायक्रॉनच्या सुरुवातीच्या डीडीआर५ चिप ६००० च्या आसपास दमायच्या आणि टायमिंग आवळू द्यायच्या नाहीत. नुसता एक्स्पो लावून खेळणाऱ्याला त्याही चालतात. तुम्हाला मात्र आत शिरायचं आहे.

खोकं न फोडता चिप ओळखायची कशी? खात्रीचा मार्ग नाही, पण खुणा आहेत. ६००० ला सीएल३० असं लिहिलेला किट बहुतेक वेळा हायनिक्सचा निघतो. ३६-३६-३६ किंवा ४०-४०-४० असे पहिले तिन्ही आकडे सारखे दिसले तर सॅमसंगचा संशय घ्यायचा. कॉर्सेअर स्टिकरवर 'व्हर्जन' छापते: ५ ने सुरू होणारं हायनिक्स, ४ ने सॅमसंग, ३ ने मायक्रॉन. म्हणून दुकानातून घेत असाल तर स्टिकरचा फोटो आधी मागवा. घरी आल्यावर सीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो चिपच्या कारखानदाराचं नाव सांगतं. परतीची मुदत संपायच्या आत ते बघून घ्या.

पैशांचं बोलायचं तर २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव भडकलेले आहेत. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी मेमरी बनवण्याकडे हेच तीन कारखानदार वळले आणि आपल्यासारख्यांच्या वाट्याचा माल आटला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. अशा बाजारात सीएल३० आणि सीएल३६ मधली तफावत मोठी असेल तर हायनिक्सचा सीएल३६ घ्या, थोड्या मेहनतीने त्याला सीएल३० वर आणता येण्याची शक्यता बरीच असते. वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. मोठे सिंगल प्लेअर गेम १४४०पी वर सगळ्या सेटिंग वर करून खेळताना काम ग्राफिक्स कार्डाचं असतं, तिथे रॅमच्या टायमिंगने तुमच्या डोळ्यांना काही जाणवणार नाही. काउंटर-स्ट्राइक आणि व्हॅलोरंटमध्ये फ्रेम शेकड्यांत जातात, प्रोसेसर धापा टाकत असतो, तिथे रॅमचा फरक दिसतो. तोही सरासरीपेक्षा तळाच्या आकड्यांत, म्हणजे धूर फुटताना किंवा चारपाच जण एकदम समोर आल्यावर खेळ अडखळतो की नाही, यात. आणखी एक. पुढेमागे याच बोर्डावर एक्सथ्रीडी, म्हणजे जादा कॅश असलेला, प्रोसेसर घ्यायचा विचार असेल तर रॅमवर अजून कमी खर्च करा. ७७०० मध्ये एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरमधलीच छोटी वेगवान मेमरी, ३२ एमबी आहे, ७८००एक्सथ्रीडी मध्ये ९६. इतकी कॅश असली की रॅमच्या दारात जाण्याची पाळीच कमी वेळा येते.

ज्यांचा पीसी इंटेलचा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. तिथे डीडीआर५ वर कंट्रोलर निम्म्या वेगानेच चालतो, त्यामुळे ६००० पाशी थांबण्याचं कारण नाही. १३व्या-१४व्या पिढीचा के मालिकेतला प्रोसेसर आणि झेड७९० बोर्ड असेल तर ७२०० सीएल३४ हा समजूतदार सौदा. नावात के नसलेल्या प्रोसेसरवर कंट्रोलरचं एक व्होल्टेज कुलूपबंद असतं, तिथे ६४०० च्या वर हट्ट धरू नये. एच६१० बोर्डावर तर रॅम ओव्हरक्लॉक होतच नाही. कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी स्टिकवरच क्लॉक ड्रायव्हर बसवलेले सीयूडिम आले आहेत, तिथे ८००० चं बोलणं खरंच अर्थपूर्ण आहे. दुकानदाराने कदाचित तेच ऐकलेलं असेल.

किट हातात आला की आधी बायोस अपडेट करा. हे टाळू नका. २०२३ च्या एप्रिलमध्ये रायझन ७००० एक्सथ्रीडी जळाल्याच्या घटना समोर आल्या, तेव्हा काही बोर्ड एक्स्पो लावताच एसओसी व्होल्टेज, म्हणजे प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचं व्होल्टेज, फार वर नेत होते. त्यानंतर एएमडीने बायोसमधून १.३ व्होल्टची मर्यादा घातली. जुन्या बायोसवर एक्स्पो लावायचं म्हणजे नसता धोका. स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा, मग एक्स्पो चालू करा. पहिल्या वेळी पडदा काही मिनिटं काळा राहील. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. तेवढ्यात घाबरून बटण दाबून बंद करणारे फार. चहा करून या.

विंडोज चालू झालं की लगेच काही आवळायला घेऊ नका. आधी कारखान्याने दिलेला एक्स्पोच तुमच्या बोर्डावर स्थिर आहे का ते तपासा. पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ एक पूर्ण फेरी, नंतर विंडोजमध्ये टेस्टमेम५ तासदीड तास. एकही चूक आली तर ती चूकच, 'गेम तर चालतोय' हा बचाव नाही. अस्थिर रॅम गेम बंद पाडते तेव्हा निदान समजतं तरी. गुपचूप फायली बिघडवते तेव्हा महिन्याभराने फोटो उघडत नाहीत. डीडीआर५ च्या चिपमध्ये आत चुका दुरुस्त करण्याची सोय असते म्हणून निर्धास्त राहणारे लोक आहेत. ती सोय चिपच्या पोटातल्या एका बिटच्या चुकीपुरती असते. स्टिक आणि प्रोसेसर यांच्यामधल्या वाटेवर झालेली चूक तिला दिसतही नाही, आणि ओव्हरक्लॉकिंगमधल्या बऱ्याच चुका त्याच वाटेवर होतात. तेव्हा प्रयोग सुरू करण्याआधी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ती डिस्क पीसीपासून सोडवून ठेवा.

पाया भक्कम निघाला की पुढची पायरी. बहुतेक जण इथे स्पीड ६२००, ६४०० करायला धावतात किंवा सीएल ३० चा २८ करतात. मी उलट सांगेन: ते दोन्ही असू द्या, रिफ्रेशला हात घाला.

डीरॅममधला प्रत्येक बिट एका इवल्याशा कपॅसिटरमध्ये विद्युतभार म्हणून साठवलेला असतो आणि तो माठासारखा सतत पाझरत असतो. म्हणून ठरावीक वेळाने चिपला काम थांबवून साठा हप्त्याहप्त्याने पुन्हा भरून घ्यावा लागतो. दोन भरण्यांमधलं अंतर म्हणजे टीआरईएफआय, भरायला लागणारा वेळ म्हणजे टीआरएफसी. १६ गिगाबिट चिपसाठी प्रमाणित आकडे ३.९ मायक्रोसेकंद आणि २९५ नॅनोसेकंद. भागाकार करून पाहा: साडेसात टक्के वेळ रॅम मागणीला उत्तर देण्याऐवजी स्वतःला भरण्यात घालवते. आणि हे आकडे जगातल्या सगळ्यात सुमार चिपलाही निभावून नेतील असे बेतलेले आहेत.

६००० वर एक ठोका नॅनोसेकंदाचा तिसरा हिस्सा असतो. त्यामुळे बायोसमध्ये टीआरएफसी ८८५ च्या आसपास आणि टीआरईएफआय ११,७०० च्या आसपास दिसेल. हायनिक्सच्या १६ गिगाबिट चिपवर टीआरएफसी ५०० करा, म्हणजे १६७ नॅनोसेकंद. टीआरईएफआय आधी ३०,००० करा, चाचणी घ्या, मग ५०,०००. आता भागाकार केलात तर बंद वेळ एका टक्क्यावर आलेला दिसेल. स्पीड तोच, सीएल तोच, व्होल्टेज तेच. लेटन्सीच्या, म्हणजे माहिती यायला लागणाऱ्या वेळेच्या, आकड्यात जो फरक यातून पडतो तो ६००० वरून ६४०० वर जाण्याच्या धडपडीतून मिळणाऱ्या फरकाच्या तोडीचा असतो आणि यात मेमरी कंट्रोलरवर काडीचाही भार पडत नाही. सॅमसंगची चिप टीआरएफसी इतकी खाली येऊ देत नाही. खरेदीच्या वेळी चिप पाहा म्हणत होतो ते यासाठी.

बाकीच्या दुय्यम टायमिंगमध्येही वाव असतो, पण एका वेळी एकच बदल, त्यानंतर चाचणी, आणि बदल वहीत टिपून ठेवणं, हे नियम पाळा. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि चूक आली तर कोणामुळे, हे शोधण्यात रात्र जाते. मग फॅब्रिक २००० वरून २१००, जमलं तर २१३३. इथे सावध राहा: फॅब्रिक चुका स्वतः दुरुस्त करून पुन्हा पाठवतं, त्यामुळे ते डळमळीत असलं तरी पीसी कोसळेलच असं नाही, वेग मात्र उलटा कमी होतो. आकडा वाढवल्यावर मोजमाप घसरलं तर मुकाट्याने एक पायरी खाली या. एसओसी व्होल्टेज ६००० साठी १.२ च्या आसपास पुरतं; १.२५ च्या वर न्यावं लागलं तर स्पीड कमी करण्याची वेळ आली असं समजा. रॅमचं स्वतःचं व्होल्टेज एक्स्पो देतो तेच, १.३५ किंवा १.४, असू द्या. बायोसमध्ये मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर नावाची सोय असते, ती ट्रेनिंग टाळून पीसी लवकर सुरू करते. प्रयोग चालू असेपर्यंत ती बंद ठेवा, सगळं जमल्यावर चालू करा. बोर्ड सुरूच झाला नाही तर सीमॉस पुसायची, म्हणजे बायोस मूळ सेटिंगवर आणायची, सोय कुठे आहे, हे कॅबिनेट बंद करण्याआधीच पाहून ठेवा.

आता नागपूर. तुम्ही एसीचा उल्लेख केलात ते फार बरं केलंत, कारण वर सांगितलेल्या युक्तीचा शत्रू उष्णता हाच आहे. तापमान वाढलं की कपॅसिटर जास्त वेगाने पाझरतो. म्हणून मानकातही ८५ अंशांच्या वर रिफ्रेश दुप्पट वेळा करायला सांगितलं आहे. आपण टीआरईएफआय ताणून ती सुरक्षिततेची जागा खाऊन टाकलेली असते, त्यामुळे ५० ते ५५ अंशांवरच चुका डोकावू लागतात. त्यात डीडीआर५ मध्ये व्होल्टेज सांभाळणारी चिपही मदरबोर्डावरून स्टिकवर आली आहे, तीही तापते. डिसेंबरात रात्रभर चाचणी घेऊन पक्की केलेली सेटिंग मे महिन्यात, बाहेर ४५ अंश असताना, दुपारी गेम चालू केल्यावर कोसळते. मग लोक ग्राफिक्स ड्रायव्हर बदलत बसतात.

एचडब्ल्यूइन्फोमध्ये प्रत्येक स्टिकचं तापमान दिसतं, ते खेळताना पाहा. नुसत्या रॅमच्या चाचणीत ग्राफिक्स कार्ड थंड असतं. प्रत्यक्ष खेळताना त्याची गरम हवा थेट स्टिकच्या अंगावर जाते आणि दहा अंश सहज वाढतात. म्हणून शेवटची चाचणी ग्राफिक्स कार्ड तापवूनच घ्या. स्टिककडे तोंड केलेला साधा १२० मिलिमीटरचा पंखा महागड्या हीटसिंकपेक्षा जास्त काम करतो. आरजीबीचे दिवेही स्टिक थोडी तापवतात, उन्हाळ्यात बंद ठेवा. आणि बायोसमध्ये दोन प्रोफाइल साठवा: थंडीसाठी टीआरईएफआय ५०,०००, मार्च ते जूनसाठी ३०,००० किंवा त्याहून कमी. दोन्हींमधला फरक गेममध्ये नगण्य आहे, मनःशांतीत बराच. विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या कोणालाही मी हेच सांगतो. पाचगणीत राहणाऱ्याने वाचलं नाही तरी चालेल.

खरेदीतले उरलेले तपशील. मोठा एअर कूलर असेल तर स्टिकची उंची मोजा, उंच हीटसिंक पंख्याला अडतो. मदरबोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावर तपासलेल्या किटची यादी असते, त्यात तुमचा मॉडेल नंबर असला तर उत्तम. नसला म्हणून चालणार नाही असं नाही, यादी फार वेळा अद्ययावत होत नाही. किट एक्स्पो असलेलाच घ्या. फक्त एक्सएमपी, म्हणजे इंटेलची तशीच सोय, असलेला किटही एएमडीवर बहुधा चालतो, पण दुय्यम टायमिंग बोर्ड आपल्या मर्जीने लावतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घ्या, नागपुरात घ्या की ऑनलाइन, खोकं सीलबंद हवं आणि पक्कं बिल हवं. रॅमला बहुतेक कंपन्या 'लाइफटाइम' वॉरंटी देतात. ती भारतात वितरकामार्फत मिळते आणि तिथे बिल लागतं. भाव चढलेल्या बाजारात सुट्या, खोक्याविना स्टिक स्वस्तात दाखवल्या जातात, त्यात दोन वेगवेगळ्या किटमधली एकेक स्टिक निघते. एएमडीच्या अटींनुसार एक्स्पो लावणंही ओव्हरक्लॉकिंगच धरलं जातं आणि प्रोसेसरची वॉरंटी त्याची हमी देत नाही, एवढं माहीत असू द्या.

आणि नुसत्या एक्स्पोवर, बाकी काहीही न बदलता, चाचणीत चूक आली तर एसओसी व्होल्टेज वाढवून तो किट वाचवायच्या फंदात पडू नका. आधी दोन्ही स्टिक काढून पुन्हा घट्ट बसवा आणि चाचणी घ्या. मग त्याच स्लॉटमध्ये एकेक स्टिक लावून बघा. एकच स्टिक दोषी ठरली तरी परत करताना दोन्ही द्या आणि बदली किटही जोडीनेच मागा.